माप जुनंच धरलं

९ सप्टेंबर

ताई,

नमस्कार. वाकून केलेला नाही, कारण कालपासून मला वाकायची मनाई झाली आहे. शिंप्याने वाकायचं नाही तर मग करायचं काय, हे मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही.

तुला वाटेल, या ढब्बूला आज पत्र लिहायची बुद्धी कशी झाली. घाबरलोय, म्हणून झाली. फोन केले तर तू उचलत नाहीस. माझी छातीतली जळजळ तुला माहीतच आहे, वर्षानुवर्षांची. सोडा प्यायचा, ढेकर द्यायचा आणि परत मशीनवर बसायचं. पण गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची घ्यायला खाली वाकलो आणि पोटातलं आंबट पाणी थेट नाकातोंडात आलं. त्याचे बूट थोडक्यात वाचले. बायको काउंटरवर होती, तिने बघितलं, आणि मला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि चित्रं काढून समजावतात. अन्ननलिका पोटाला मिळते तिथे म्हणे एक झडप असते. त्या झडप म्हणाल्या, मला मात्र नाडी दिसली. पायजम्याची नाडी गं, हाताची नव्हे, नाहीतर तू तिकडे माझं हृदय बंद पाडशील. तर ही नाडी माझी सैल पडली आहे. त्यामुळे आम्ल वर चढतं आणि नळी भाजते. गोळ्या घ्या, वजन उतरवा, कमरेचा पट्टा आवळू नका, रात्रीचं जेवण झोपायच्या बरंच आधी उरका. एवढ्याने भागलं नाही तर ऑपरेशन करून ती जागा घट्ट करता येते. इथवर मी मान डोलवत होतो. मग त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांचं दुखणं आहे, आधी दुर्बीण घालून आत काय आहे ते बघू.

बाबांनाही दुर्बीणच घातली होती ना? मी लहान होतो. एवढंच आठवतं की ते सकाळी स्वतःच्या पायांनी गेले आणि संध्याकाळी परत आले, तर घरात कुणी मोठ्याने बोलेना. बाईंनी विचारलं, घरात कुणाला अन्ननलिकेचं काही होतं का. मी म्हणालो, नाही.

दुर्बीण न घालता नुसत्या गोळ्यांवर भागवलं तर चालेल का? तू सांगशील तसं करतो.

तुझा ढब्बू

१७ सप्टेंबर

ढब्बू,

तुझं पत्र डेपोतच फोडलं, दोन गाड्यांच्या घोषणांच्या मधल्या वेळात. वाचून इतकी चिडले की पुढची गाडी चुकीच्या फलाटावर पुकारली. लोक पळत तिकडे गेले आणि पळत परत आले.

डॉक्टरांशी खोटं बोलतोस? मोठा शहाणा लागून गेलास. त्या बाईंना काय, तुझ्या कुंडलीत रस आहे म्हणून विचारतात का त्या? उद्याच्या उद्या जा आणि बाबांचं सांग. तो शब्द तोंडातून निघत नसेल तर नको उच्चारूस, आपल्या घरात तो कुणीच उच्चारला नाही. आईने तर शेवटपर्यंत 'यांचं पोट' एवढंच म्हटलं. तू म्हण की वडील अन्ननलिकेच्या दुखण्याने गेले. त्यांना कळेल.

आणि दुर्बीण घालायचीच. घातलीस की मला सगळं नीट लिही. दुखतं का, भूल देतात का, किती आत जाते, निकाल कधी सांगतात. गिळताना घास अडकत असेल तर नळीला इजा होत नाही ना, हेही विचार. तुझ्यासाठीच म्हणतेय. मला काय, आमच्या इमारतीखालचा औषधवाला चघळायच्या गोळ्या देतो, त्यावर माझं झकास चाललंय.

फोन करू नकोस, पत्रच लिही. दिवसभर माईकवर ओरडून माझा घसा पार बसलाय. परवा एक प्रवासी खिडकीवर येऊन म्हणाला, घोषणेला नवा माणूस ठेवलात वाटतं. मी म्हटलं, हो, बरा बोलतो ना?

एक काम आहे. माझा जुना कोट कोपरावर विरलाय. थंडीच्या आत नवा शिवून पाठव, गडद रंगाचा. माप सोबतच्या चिठ्ठीवर आहे. फीत शेजारणीने धरली होती.

तुझी ताई

३ ऑक्टोबर

ताई,

बाबांचं सांगून आलो. बाईंनी नुसतं लिहून घेतलं. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाकी प्रगती ऐक. मी त्यांच्या गोळ्या रात्री जेवल्यावर घेत होतो, तोंड गोड केल्यासारखा, आणि वर तक्रार करत होतो की काही फरक नाही. त्यांनी कपाळाला हात लावला. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि अर्ध्या तासाने खायचं. आता तशी घेतो, आणि खरं सांगतो, फरक आहे. दुसरं म्हणजे उशा. डोकं उंच ठेवा म्हटल्यावर मी उशांचा डोंगर रचून झोपत होतो. त्याने माणूस पोटात दुमडतो आणि उलट जास्त वर येतं म्हणे. डोकं नाही, पलंग उंच करायचा. म्हणून डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले. आता रात्रभर आम्ही दोघं घसरत असतो. सकाळी बायको पायथ्याशी सापडते आणि माझ्या नावाने बोटं मोडते.

दुर्बिणीची तारीख मिळाली होती, पण मी ती पुढे ढकलली. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आहे. हे कारण खोटं नाही, पण खरंही नाही, तुझ्यापाशी काय लपवायचं. तारीख जवळ आली की माझे हात गार पडतात आणि कात्री सरळ चालत नाही.

कोट पाठवतोय. चिठ्ठीवरचं माप वाचून खूप हसलो. अगं, ते आमच्या पोरीचं माप झालं. शेजारणीने काय तुला श्वास रोखायला लावून फीत आवळली? तुझ्या मापाचे कागद माझ्याकडे खिळ्याला टांगलेले आहेत, त्यावरच कापला. माप घ्यावं तर शिंप्याने, शेजारणीने नव्हे.

आणि ते घास अडकायचं तू कुठून काढलंस? माझं काही अडकत नाही. जेवणावर माझा हात चालतो, हेच तर दुखणं आहे. आहेत तेवढ्या भीत्या पुरेत, नवीन घालू नकोस.

तुझा ढब्बू

१६ ऑक्टोबर

ढब्बू,

कोट मिळाला. अगदी अंगासरसा बसलाय. डेपोत सगळ्यांनी विचारलं, कुणी शिवला.

तारीख पुढे ढकललीस हे वाचून मात्र डोकं फिरलं. गणवेश काय पळून चालले होते? नवीन तारीख घे, आणि या वेळी वहिनीला सांगून ठेव, म्हणजे ती तुला बकोटीला धरून नेईल.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. बाबा जेवताना पाण्याचा जग शेजारी ठेवायचे, आठवतं? घास घेतला की पाणी, घास घेतला की पाणी. तो जग भरून ठेवायचं काम तुझं होतं आणि त्यात तुला केवढा मोठेपणा वाटायचा. आपण म्हणायचो, बाबांना तहान फार लागते. ढब्बू, ती तहान नव्हती. ते घास खाली ढकलायचे. गळ्याखाली, छातीच्या हाडामागे, तिथे येऊन घास उभा राहतो. माणूस ताटावर बसून हसत असतो, बोलत असतो, आणि आत तेवढ्या एका घासाची वाट बघत असतो. शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. मला हे हल्ली कळलं.

म्हणून म्हणते, अडकत नसेल तोवरच जा. तू एकदा जाऊन आलास की मलाही धीर येईल.

तुझी ताई

६ नोव्हेंबर

ताई,

झालं. घातली दुर्बीण आणि जिवंत परत आलो.

बायको खरंच बकोटीला धरून घेऊन गेली. आत नेईपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. कुशीवर झोपवतात, घशात कडू फवारा मारतात, मग घसा आपला राहतच नाही. दातांत एक प्लास्टिकची कडी देतात आणि हातात सुई. त्यानंतर मला नळी आठवते, कुणीतरी पाठ थोपटत होतं ते आठवतं, आणि मग एकदम बायकोचा चेहरा. दुखलं नाही. ओकारी आल्यासारखं झालं, ते वाईट. तुला सगळं हवं होतं म्हणून लिहिलं.

आतून नळी चांगलीच भाजलेली आहे. खालच्या टोकाला एक पट्टा असा आहे की तिथलं अस्तरच बदललंय. अस्तर हा माझा शब्द नाही, बाईंचाच. त्यातले तुकडे तपासायला पाठवले. निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस. एका गणवेशाला दोन डाव्या बाह्या लावल्या. काल निकाल आला. ते नाहीये, ताई. बाबांचं ते नाहीये. बदललेल्या अस्तरावर लक्ष ठेवायचं, काही वर्षांनी पुन्हा दुर्बीण घालून बघायचं. जीव भांड्यात पडला.

आता पुढचं. एक तर गोळ्या, लांब पल्ल्याच्या, अधूनमधून दाखवून मात्रा कमीजास्त करायची. नाहीतर ऑपरेशन. त्यात पोटाचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून कॉलरसारखा शिवतात, म्हणजे खालचं वर येत नाही. कॉलर म्हटल्यावर मी टाका कुठला घालतात ते विचारलं, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. पण त्यानंतर काही आठवडे पातळच खायचं, ढेकर धड येत नाही, पोट फुगतं, आणि काहींना पुढे गोळ्या लागतातच. आधी एक नळी नाकातून घालून आम्ल किती वर येतं तेही मोजावं लागेल. मी म्हटलं, गोळ्यांनी बरं वाटतंय तोवर गोळ्याच. त्याही हो म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात बायको तिच्या भावाकडे चालली आहे. तुझ्या डेपोतच गाडी बदलायची आहे. तुम्ही दोघी चहा प्या आणि माझी निंदा करा.

तुझा ढब्बू

१९ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहितोय.

बायको काल परत आली. बॅग ठेवता ठेवता म्हणाली, ताईंचा कोट भलताच मोठा झालाय, खांदे दंडावर उतरलेत, तुम्ही या वेळी माप चुकलात. मी म्हटलं, मी आणि माप चुकणार? भांडायलाच बसलो. म्हटलं, तिने पाठवलेलं माप तर याहून कितीतरी लहान होतं. आणि बोलता बोलता मी उठलो.

तुझी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये होती. काढून परत वाचली. ते माप बरोबर होतं, ताई. शेजारणीने फीत नीट धरली होती. अनोळखी माणूस दुकानात आला तर त्याचं वजन उतरलंय हे मी दारातून ओळखतो, त्याची पँट बघून. आणि माझ्या बहिणीने स्वतःचं माप लिहून पाठवलं तर मी हसलो.

मग बायकोला एकेक विचारत गेलो. ती म्हणाली, ताईंनी बिस्किट चहात पार विरघळवून प्यायलं. वर पाणी प्यायलं. पुन्हा पाणी प्यायलं. मला म्हणाल्या, हल्ली तहान फार लागते.

तुझी सगळी पत्रं काल पुन्हा वाचली. तू विचारलेले प्रश्न माझ्यासाठी नव्हतेच. तो घसाही ओरडून बसलेला नाही. मला भयंकर भीती वाटते आहे. कधीपासून आहे, ते सरळ लिही. थट्टा नको.

ढब्बू

२५ नोव्हेंबर

ढब्बू,

उन्हाळ्यापासून. आधी पाव अडकायला लागला. मी पाव सोडला. मग भात. मग उकडलेला बटाटा कुस्करून. आता चहात भिजवलेलं काय ते उतरतं. मूग गिळून गप्प बसायची सवय होतीच, आता मूगही उतरत नाहीत. थट्टा नको म्हणालास, पण तेवढीच एक गोष्ट अजून घशाखाली जाते.

जळजळ तुझ्याइतकीच जुनी. त्या चघळायच्या गोळ्यांवर इतकी वर्षं काढली, डॉक्टरला कधी दाखवलं नाही. घसा बसला तेव्हाच मनात चर्र झालं होतं. ऑक्टोबरमध्ये तुला रागावून पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मी इथल्या रुग्णालयात नाव नोंदवून आले. तारखेला गेलेही. बाकावर बसले. शेजारच्या बाईला आत बोलावलं, आणि मी उठून सरळ डेपोत आले.

तू तेव्हा लहान होतास. बाबांबरोबर मी गेले होते. निकाल सांगताना त्या डॉक्टरांनी बाबांकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघून सांगितलं. मी कॉलेजात होते. परत येताना बाबा गाडीत मला म्हणाले, आईला तू सांग, मला जमणार नाही. आणि मी सांगितलं. त्यानंतर मी आयुष्यात बस सोडून कशाचीही घोषणा केली नाही.

तुझा निकाल चांगला आला तेव्हा मी देवाचे आभार मानले आणि लगेच मनात आलं की तुला नाही म्हणजे मला असणार. दोघांपैकी एकाला तरी असणारच. वेड्यासारखं आहे हे, मला कळतं. पण ते डोक्यातून जात नाही. कळेपर्यंत तरी नाही, असं म्हणत मी रोज कामावर जाते. मला कळून घ्यायचं नाही. तू येऊ नकोस.

ताई

२८ नोव्हेंबर

ताई,

सोमवारी सकाळच्या गाडीने येतोय. गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते तुलाच माहीत.

माझ्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तुमच्या रुग्णालयात फोन करून मंगळवारची वेळ घेतली आहे. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहितो: गिळताना अडकणं आणि वजन उतरणं यात एक दिवसही थांबायचं नाही, पण अडकतंय म्हणजे तेच आहे असंही नाही. आम्लाने वर्षानुवर्षं भाजून नळीला वण पडतात आणि ती आवळत जाते. तसं असेल तर फुगा घालून ती रुंद करता येते. कुठलं आहे ते बाहेरून कुणालाही कळत नाही, त्यांनाही नाही, तुलाही नाही.

सोमवारी रात्रीनंतर काही खायचं नाही. अर्थात तू काय खाणार म्हणा.

धीर देता येत नाही मला. माझ्या दुर्बिणीपेक्षा तुझ्या दुर्बिणीची भीती जास्त वाटते. पण बाकावर मी तुझ्या आणि दाराच्या मध्ये बसणार आहे, आणि मी अजून ढब्बूच आहे. माझ्यावरून उडी मारून जाता येणार नाही.

ढब्बू

१२ डिसेंबर

ढब्बू,

तू निकालासाठी थांबतो म्हणालास आणि मीच तुला हाकलून दिलं. दुकान बंद ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसला असतास तर मी आणखी घाबरले असते, असं वाटलं होतं. तू नव्हतास तरी घाबरायची ती घाबरलेच.

काल बोलावलं. डॉक्टर वयस्कर आहेत, हळू बोलतात. म्हणाले, नळी आवळली आहे ती जुन्या भाजण्याने, वण पडून. तुकड्यांमध्ये दुसरं काही सापडलं नाही. दुर्बीण घातली त्याच दिवशी थोडी रुंद केली होती, अजून दोनतीनदा करावी लागेल. गोळ्या मात्र कायमच्या, आणि त्या चुकवायच्या नाहीत. नाडी घट्ट करायच्या ऑपरेशनचं अंगावर जरा मांस चढलं की बघू, म्हणाले.

मी म्हटलं, पुन्हा सांगा.

त्यांना वाटलं, मला गोळ्यांचं कळलं नाही. त्यांनी गोळ्यांचं पहिल्यापासून सांगितलं. मी म्हटलं, ते नाही, त्याच्या आधीचं. घोषणा एकदा करून भागत नाही डॉक्टर, पहिली कुणी ऐकत नाही. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून पुन्हा सांगितलं की दुसरं काही नाही. पण त्यांनीही तो शब्द घेतला नाही. 'दुसरं काही' म्हणाले. बाहेर आल्यावर जिन्यात मला वाटायला लागलं की दुसरं काही म्हणजे दुसरंच काहीतरी असेल. परत जाऊन विचारायची हिंमत झाली नाही.

रात्री घरी मऊ भात खाल्ला. उतरला. पाण्याचा पेला भरून ठेवला होता, तो तसाच राहिला. आणि मग मी खूप रडले, आणि भीती काही गेली नाही. सगळं बरं आहे असं कागदावर आहे, आणि माझे हात तुझ्यासारखे गार पडतात.

तू मला तेच लिहून पाठव. त्या शब्दासकट लिही. तुझ्या अक्षरात असलं म्हणजे माझा विश्वास बसेल.

तुझी ताई

१५ डिसेंबर

ताई,

पत्र पोचल्या पोचल्या मशीन बंद करून लिहायला बसलोय. हा शब्द आपल्या घरात आजवर कुणी लिहिलेला नाही, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ चुकलं तरी चालवून घे.

प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. ताईला कॅन्सर नाही.

पुन्हा एकदा. ताईला कॅन्सर नाही.

ढब्बू